बोर्ड लावला फ्लेक्सवाल्यानं, नोटीस आली तुमच्या नावे

वाचकाचं पत्र

मी पुण्याच्या उपनगरात एक गाळा भाड्यानं घेऊन प्राथमिकच्या मुलांचे गणित आणि स्कॉलरशिपचे क्लास घेते. मे महिन्यात एका फ्लेक्सवाल्याला 2 बाय 3 फुटांचे 40 बोर्ड आणि चौकासाठी एक 10 बाय 15 चा फ्लेक्स असं काम दिलं. छपाई आणि लावणं सगळं त्याच्याकडेच होतं. ‘सगळेच लावतात मॅडम, काही होत नाही,’ असं तो म्हणाला. पंधरा दिवसांत निम्मे बोर्ड गायब झाले आणि आता क्षेत्रीय कार्यालयाची नोटीस आली आहे: विनापरवाना जाहिरात आणि विद्रूपीकरण केलंत, दंड भरा, अन्यथा गुन्हा दाखल होईल. काही बोर्ड झाडांना खिळे ठोकून लावलेत, हे मला नोटिशीसोबतच्या फोटोंवरून कळलं. समोरच्याच चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स महिनाभर झळकतायत, त्यांना कोणी हात लावत नाही. दंड भरला तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल का? हे फ्लेक्सवाल्यावर ढकलता येईल का? आणि पुढच्या वर्षी जाहिरात करायची कशी? पंधरा हजारांच्या वर मला झेपणार नाही.
– एक शिक्षिका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रश्नांची उत्तरं खाली आहेत, पण त्याआधी एक काम आजच करा. उरलेले सगळे बोर्ड काढून आणा. नोटिशीत सात दिवसांची मुदत असली तरी सातव्या दिवसाची वाट पाहू नका. उत्तर लिहायला बसाल तेव्हा ‘काढतो आहोत’ असं लिहावं लागलं तर ते पत्र लंगडं होतं. ‘अमुक तारखेला काढले, फोटो सोबत’ या एका वाक्यानं निम्मं काम होतं.

फ्लेक्सवाल्याकडून बोर्ड कुठे कुठे लावले त्याची यादी मागा. त्याच्याकडे यादी बहुधा नसतेच, पण लावणाऱ्या पोरांनी पैसे घेण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलेले असतात. ते मिळवा. त्यावरून वहीत चार रकाने आखा: ठिकाण, कशावर लावला (खांब, झाड, भिंत), काढल्याची तारीख, शेरा. प्रत्येक ठिकाणाचा काढण्याआधीचा आणि काढल्यानंतरचा फोटो घ्या. जीपीएस मॅप कॅमेऱ्याचं मोफत अ‍ॅप मिळतं, त्यानं फोटोवरच जागा, तारीख आणि वेळ उमटते. महापालिकेचे कर्मचारीही तसेच फोटो काढतात, त्यामुळे दोघांचे फोटो शेजारी ठेवून बघता येतात. जिथे बोर्ड आधीच गायब आहे तिथलाही मोकळ्या खांबाचा फोटो घ्या आणि शेऱ्यात ‘आढळला नाही’ लिहा. पुढे दंडाची मोजणी बोर्डांच्या संख्येवर होत असेल, तर हीच वही उपयोगी पडते.

काढायची पद्धत जागेप्रमाणे बदलते. दिव्याच्या खांबावर प्लास्टिकच्या टायनं बांधलेला बोर्ड हाताला येत असेल तर साइड कटरनं टाय कापा आणि तुकडे खिशात घाला, तिथेच टाकू नका. बायंडिंग तार असेल तर ती पकडीनं उलगडा. ओढून तोडलेल्या तारेचं टोक खांबाला तसंच राहतं आणि फुटपाथवरून जाणाऱ्याच्या हाताला लागतं. हात पोहोचत नसेल तर शिडी लावू नका. वीजवाहिनीचे खांब महावितरणचे, रस्त्यावरच्या दिव्यांचे बहुतेक महापालिकेच्या विद्युत विभागाचे, आणि पावसाळ्यात ओल्या खांबात वीज उतरण्याचा धोका खराच असतो. असे बोर्ड यादीत वेगळे काढा आणि ‘उंचीमुळे व विद्युत सुरक्षेमुळे काढता आले नाहीत, कृपया आपल्या विभागामार्फत काढावेत, खर्च देण्यास तयार आहे’ असं उत्तरात लिहा. डीपीच्या पेटीवर काही चिकटवलं असेल तर त्यालाही हात लावायचा नाही.

झाडातला खिळा जपून काढावा लागतो. हातोडीच्या मागच्या चिमट्यानं उपटताना हातोडीचं डोकं थेट सालीवर टेकलं की साल चेचते. म्हणून मध्ये लाकडाचा चपटा तुकडा धरा आणि खिळा ज्या रेषेत गेलाय त्याच रेषेत सरळ बाहेर ओढा. सालीच्या लगेच आत झाडाचा वाढता थर असतो, अन्न नेणारा मार्गही तिथेच; खिळा तो फोडतो, गंजतो आणि त्या भोकातून बुरशी आत शिरते. खिळ्याचं डोकं सालीत बुजून गेलं असेल तर ते तुमचं नसून जुन्या कुणाच्या तरी बोर्डाचं आहे. ते कोरून काढू नका, त्यानं जखम मोठी होते. भोकात एमसील, सिमेंट, रंग काहीही भरू नका. झाड स्वतः बुजवतं.

भिंतीवर खळीनं कागद चिकटवले असतील तर कोमट पाण्यानं भिजवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि पत्र्याच्या पट्टीनं खरवडा. व्हिनाइलचे स्टिकर उन्हानं तापलेल्या वेळी कोपऱ्यापासून हळूहळू ओढले तर अखंड निघतात. थिनर मारू नका, स्टिकरबरोबर भिंतीचा रंगही जातो आणि मग रंगकामाचा खर्च तुमच्या बोडक्यावर.

आता नोटीस. ती शांतपणे, पेन हातात घेऊन वाचा आणि पाच गोष्टींखाली रेघ मारा: जावक क्रमांक आणि तारीख, कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, किती बोर्ड आणि कुठे, किती रक्कम, किती मुदत. पुण्यासारख्या महापालिकांत अशा नोटिशीत दोन वेगळे धागे एकत्र विणलेले असतात. एक धागा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचा. त्यातली कलमं 244 आणि 245 आकाशचिन्हं (म्हणजे इमारतीवर उंच उभे केलेले, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारे फलक) आणि जाहिरातींवरच्या नियंत्रणाची आहेत आणि त्यांच्या जोडीला 2022 चे जाहिरात नियम आहेत. मुंबईत हेच काम 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातली 328 आणि 328अ ही कलमं करतात. यातून परवाना शुल्क, काढण्याचा खर्च, दंड असली प्रशासकीय रक्कम निघते. दुसरा धागा मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणाऱ्या 1995 च्या कायद्याचा. तो फौजदारी आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रक्कम हल्लीच्या मानानं किरकोळ वाटेल, पण गुन्ह्याची नोंद किरकोळ नसते, विशेषतः मुलांना शिकवणाऱ्या माणसासाठी.

झाडांचं प्रकरण तिसरं. त्यासाठी नागरी क्षेत्रांतल्या झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा कायदा आहे आणि त्याचं काम उद्यान विभागाकडून, वृक्ष अधिकाऱ्याकडून चालतं. नोटिशीत झाडांचा उल्लेख फक्त फोटोत असेल, कलमात नसेल, तर उत्तरात तुम्ही त्याचं वेगळं प्रकरण करू नका. खिळे काढलेत एवढंच नोंदवा.

दंड भरला तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं का? महापालिकेच्या पावतीवर भरलेली प्रशासकीय रक्कम म्हणजे न्यायालयानं दोषी ठरवणं नव्हे. पण उलट बाजूही ध्यानात ठेवा: पावती फाडली म्हणून पोलिसांकडे गेलेली तक्रार आपोआप बंद होते असंही नाही. म्हणून पैसे भरण्याआधी उत्तरातच लेखी विचारा, की ही रक्कम भरल्यावर सदर प्रकरण निकाली निघेल काय. तोंडी ‘होऊन जाईल’ यावर विसंबू नका. रक्कम महापालिकेच्या खिडकीवर किंवा तिच्या ऑनलाइन भरण्यातच भरा आणि पावतीवर नोटिशीचा क्रमांक टाकून घ्या. कुणी गाळ्यावर येऊन ‘रोख द्या, अर्ध्यात मिटवतो’ म्हणालं तर पावतीपुस्तक मागा; माणूस आपोआप निघून जातो. गुन्हा आधीच दाखल झाला असेल किंवा पोलीस ठाण्यातून फोन आला असेल, तर मात्र या सदरावर थांबू नका. वकिलाला सोबत घेऊनच जबाब द्या.

फ्लेक्सवाल्यावर ढकलता येईल का, याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. 1995 च्या कायद्यात बोर्ड लावणाऱ्याइतकाच तो ज्याच्या फायद्यासाठी लावला त्यालाही धरण्याची तरतूद आहे. माझ्या नकळत, माझ्या संमतीशिवाय हे झालं असं त्यानं सिद्ध केलं तरच त्याची सुटका. तुम्ही काम दिलंत, पैसे दिलेत आणि बोर्डावर तुमचा मोबाईल नंबर आहे. परवाना निरीक्षकाला तुमचा पत्ता शोधावाच लागत नाही; तो फक्त बोर्डावरचा नंबर फिरवतो. फ्लेक्सवाल्याचं नाव बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंच. तेव्हा सगळा भार त्याच्यावर जाणार नाही. मात्र झाडांना खिळे ठोकायला तुम्ही सांगितलं नव्हतं, तुम्हाला ते ठाऊकही नव्हतं, हे खरं आहे आणि ते नोंदवलंच पाहिजे. त्याचं बिल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा. दंडातला वाटा त्याच्याकडे मागायचा तर तो तुमच्या-त्याच्यातला व्यवहार आहे. महापालिकेला त्यात ओढू नका.

वाढदिवसांच्या फ्लेक्सबद्दल तुमचा संताप रास्त आहे. मुंबई उच्च न्यायालयानं यावर अनेकदा सरकारचे आणि महापालिकांचे कान उपटले आहेत. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेत जानेवारी 2017 मध्ये सविस्तर निकाल आला. बेकायदा फलक काढा, नागरिकांच्या तक्रारींसाठी यंत्रणा उभारा, असे आदेश त्यात आहेत. ते नीट पाळले जात नाहीत म्हणून न्यायालयाला नंतरही पुन्हा पुन्हा विचारणा करावी लागली. म्हणजे भेदभाव होतो हे खरं. पण ‘त्यांना सोडलं म्हणून मलाही सोडा’ हा बचाव कोणत्याही कार्यालयात टिकत नाही, उलट समोरचा अधिकारी चिडतो. ती तक्रार स्वतंत्रपणे करा: फोटो, ठिकाण, तारीख आणि फ्लेक्सवर परवानगीचा क्रमांक व मुदत छापलेली आहे की नाही. पुण्यात महापालिकेच्या पीएमसी केअर या तक्रार यंत्रणेवर, मुंबईत 1916 या फोन क्रमांकावर तक्रार घेतात. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तुमचं नोटिशीचं प्रकरण मिटल्यावर केलीत तर जास्त बरं.

उत्तर एका पानाचं असावं. मसुदा असा घ्या:

*प्रति, मा. सहायक आयुक्त, … क्षेत्रीय कार्यालय.*
*विषय: विनापरवाना जाहिरात फलकांबाबतच्या नोटिशीस उत्तर.*
*संदर्भ: आपली नोटीस जा. क्र. … दि. …*

*महोदय/महोदया,*
*वरील नोटीस मला दि. … रोजी मिळाली. माझ्या क्लासच्या जाहिरातीचे फलक छापण्याचे व लावण्याचे काम मी एका छपाई व्यावसायिकाकडे दिले होते (बिलाची प्रत सोबत). काही फलक झाडांवर खिळ्यांनी लावल्याचे मला आपल्या नोटिशीसोबतच्या छायाचित्रांवरून समजले. तशी सूचना मी दिलेली नव्हती.*
*नोटीस मिळताच दि. … पर्यंत मी … ठिकाणचे फलक, खिळे व तारा काढून टाकल्या आहेत. ठिकाणनिहाय यादी व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. … ठिकाणचे फलक उंचीमुळे व विद्युत सुरक्षेमुळे मला काढता आले नाहीत. ते आपल्या विभागामार्फत काढावेत, ही विनंती. त्याचा नियमानुसार खर्च देण्यास मी तयार आहे.*
*नोटिशीत … फलकांचा उल्लेख आहे. दंडाची आकारणी कोणत्या फलकांची व कोणत्या दराने केली आहे, त्याचा तपशील मिळावा. सदर रक्कम भरल्यावर प्रकरण निकाली काढण्यात येईल काय, हेही लेखी कळवावे. यापुढे परवानगीशिवाय सार्वजनिक जागी फलक लावले जाणार नाहीत, याची मी दक्षता घेईन.*
*आपली विश्वासू*

यात ‘मला नियम माहीत नव्हता’ हे वाक्य मुद्दाम नाही. त्याचा उपयोग शून्य. ‘गरीब शिक्षिका’, ‘मुलांचं भवितव्य’ हेही नको. दोन प्रती न्या, आवक-जावक टेबलावर एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. मग वर जाऊन परवाना निरीक्षकाला प्रत्यक्ष भेटा आणि काढलेल्या बोर्डांचे फोटो मोबाईलवर दाखवा. बोर्ड खरोखर निघालेत हे त्याला दिसलं की पुढचं बोलणं सोपं जातं, कारण त्याच्याही डोक्यावर ‘शहर फ्लेक्समुक्त करा’ असा तगादा असतो.

चौकातल्या त्या 10 बाय 15 च्या फ्लेक्सबद्दल दोन शब्द वेगळे लिहावे लागतील, कारण तिथे प्रश्न नुसत्या दंडाचा नव्हता. 150 चौरस फूट म्हणजे जवळजवळ 14 चौरस मीटर. ताशी 60 किलोमीटरचा वारा समोरून आला तर दर चौरस मीटरला साधारण 17 किलो दाब पडतो, म्हणजे त्या अख्ख्या फ्लेक्सवर सव्वादोनशे किलोंहून जास्त. वळवाच्या पावसाआधी असा वारा सुटणं ही काही नवलाची गोष्ट नाही. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आणि हे सगळं कशावर? लाकडी पट्ट्यांची चौकट, चार सुतळ्या आणि एक वाकडा बांबू. मधे भोकं पाडली की वारा निघून जातो असं फ्लेक्सवाले सांगतात. चार-सहा भोकांनी काही होत नाही, तेवढ्यानं दाब नावालाच कमी होतो. पुण्यात 2018 च्या ऑक्टोबरमध्ये जुना बाजार चौकात होर्डिंगचा सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळून चार जण गेले. घाटकोपरला 13 मे 2024 रोजी वादळी वाऱ्यात महाकाय होर्डिंग पेट्रोल पंपावर पडलं तेव्हा 17. तुमचा फ्लेक्स त्या मापाचा नव्हता, पण दुचाकीस्वाराच्या तोंडावर फाटून आलेला 10 बाय 15 चा कपडा पुरेसा असतो. तो अजून तिथेच असेल तर सगळ्यात आधी तोच उतरवा, आणि उतरवताना खालच्या दोऱ्या आधी सोडू नका. खालची बाजू सुटली की फ्लेक्स शिडासारखा फुगतो आणि वरच्या माणसाला ओढतो. वरचा एक कोपरा आधी सैल करून गुंडाळत या, वारा पडलेला असेल तेव्हा, पहाटे.

आता पुढच्या वर्षाचं.

आधी एक हिशेब, म्हणजे खांबावरच्या बोर्डांचा मोह सुटेल. अक्षर एक इंच उंच असेल तर ते आरामात वाचता येतं ते साधारण दहा फुटांवरून. डोळे ताणून त्याच्या तिप्पट अंतरावरून. देवनागरीत वेलांट्या-मात्रांमुळे त्याहून थोडं कमीच धरा. 2 बाय 3 च्या बोर्डावर क्लासचं नाव, विषय, इयत्ता, ‘अनुभवी शिक्षक’, पत्ता, दोन मोबाईल नंबर आणि कोपऱ्यात गणपती बसवल्यावर अक्षर एक-दीड इंचाचं उरतं. ताशी 40 नं जाणारी दुचाकी सेकंदाला 36 फूट जाते. म्हणजे वाचायला जेमतेम एक सेकंद, तोही ट्रॅफिकमध्ये. एवढ्या वेळात मोबाईल नंबर कोण टिपून घेतो? नाव डोळ्यांखालून जातं, बस. त्यात बाजूला दोन क्लास, एक पेस्ट कंट्रोल आणि एक ‘खोली भाड्याने देणे आहे’.

तुमच्याकडे गाळा आहे, तोच तुमचा कायदेशीर बोर्ड. आपल्याच जागेत चालणाऱ्या व्यवसायाचा तिथेच लावलेला नावाचा फलक कायद्यानं वेगळा धरला आहे. त्याला रस्त्यावरच्या जाहिरातीसारखी परवानगी सहसा लागत नाही. पण त्यात दिवे असतील, तो भिंतीबाहेर फुटपाथवर झुकत असेल, गच्चीवर उभा असेल किंवा त्यावर एखाद्या वही-पेनाच्या कंपनीची जाहिरात असेल, तर आधी परवाना विभागाला विचारा. इमारतीतल्या गाळ्यासाठी मालकाचं आणि सोसायटीचं पत्र घेऊन ठेवा. समोरचा रस्ता 60 फुटी असेल तर पलीकडच्या फुटपाथवरून वाचता यावं म्हणून नावाचं अक्षर सहा इंचांचं ठेवा. खाली फक्त ‘गणित, स्कॉलरशिप’ आणि नंबर. बाकी सगळं दाराच्या काचेवर आतून. नाव देवनागरीत आणि दुसऱ्या कोणत्याही लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नाही, हा दुकानं आणि आस्थापनांचा नियम 2022 पासून दहापेक्षा कमी माणसांच्या जागेलाही लागू आहे.

रस्त्यावर फलक लावायचाच असेल तर आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे तात्पुरत्या फलकासाठी अर्ज करता येतो. सोबत मजकुराचा नमुना, माप, जागेचा फोटो आणि साधा नकाशा, जागामालकाचं ना-हरकत, कालावधी आणि रस्त्यालगत असेल तर वाहतूक पोलिसांचं म्हणणं लागतं. बऱ्याच शहरांत ठरावीक जागीच परवानगी मिळते. खासगी भिंतीचा मालक ‘हो’ म्हणाला म्हणून काम झालं असं समजू नका: भिंत रस्त्यावरून दिसत असेल तर महापालिकेची परवानगीही हवीच. ती मिळाली की तिचा क्रमांक आणि मुदत फलकावरच छापून घ्या. तुमच्या बजेटमध्ये हा रस्ता परवडेल असं वाटत नाही. एका चौकासाठी एवढी धावपळ करण्यापेक्षा पैसे दुसरीकडे घाला.

दुसरीकडे म्हणजे आधी पत्रकं. क्लास कोण निवडतं? दोन किलोमीटरच्या आतले पालक. त्यांच्या घरी पेपर येतो. ए5 आकाराचं, 70 जीएसएमच्या (चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाच्या) साध्या कागदावर, एका बाजूला छापलेलं पत्रक घ्या. गुळगुळीत आर्ट पेपर पेपरमधून घसरून जिन्यात पडतो. एका ए4 मधून दोन ए5 निघतात, म्हणजे 5000 पत्रकांना पाच रीम कागद. गठ्ठे हातात आल्यावर वजन करा: 70 जीएसएमची 1000 ए5 पत्रकं साधारण 2.2 किलो भरतात, 5000 ची जवळपास 11 किलो. नऊ किलो भरली तर मुद्रकाला हसत हसत विचारा. कटाई करताना शेवटचा गठ्ठा ‘राहून’ जाणं हा या धंद्यातला जुना प्रकार आहे.

वाटपासाठी पेपरवाल्याला घरी बोलावू नका. पहाटे त्याच्या डेपोवर जा, आदल्या दिवशी दर ठरवा आणि पत्रकं शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांत द्या. कोणत्या सोसायट्या आणि किती घरं हे लिहून घ्या. रविवार टाळा, त्या दिवशी पेपरमध्ये सहा-सात पत्रकं असतात आणि सगळी एकत्र रद्दीत जातात. वाटपाच्या सकाळी त्या भागातल्या चार ओळखीच्या घरी फोन करून पत्रक आलं का ते विचारा. दोन भागांत वाटणार असाल तर एकावर ‘हे पत्रक आणल्यास पहिला आठवडा मोफत’ आणि दुसऱ्यावर ‘एक चाचणी मोफत’ असं छापा. पुढच्या वर्षी कुठे वाटायचं ते आपोआप कळेल. पत्रकं रस्त्यावर किंवा गाड्यांच्या हँडलला लावू नका. खाली पडलेल्या प्रत्येक कागदावर पुन्हा तुमचाच नंबर असतो.

मजकुरात ‘100 टक्के निकालाची हमी’ लिहू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला लहान-मोठा असा भेद नाही, आणि कोचिंगच्या जाहिरातींसाठी नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रानं वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. मागच्या वर्षीच्या मुलांचे फोटो छापायचे तर पालकांची लेखी संमती घ्या.

सोसायट्यांचे सूचना फलक फुकट आहेत पण मागावे लागतात. सेक्रेटरींच्या नावे दोन ओळींचं पत्र, सोबत ए4 ची एक प्रत, त्यावर ‘अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं. ती तारीख आली की स्वतः जाऊन काढा. पुढच्या वर्षी तुम्हाला कुणी ‘नाही’ म्हणणार नाही.

गुगल मॅपवर क्लासची नोंद मोफत होते आणि ‘माझ्या जवळचे क्लास’ शोधणारा पालक तिथेच येतो. टाचणी नेमकी गाळ्यावर आहे ना पाहा; सोसायटीच्या मागच्या गेटवर पडलेली असते आणि पालक फिरून परत जातात. प्रवेशद्वाराचा फोटो, वेळा, नाव मराठीत. जुन्या पालकांना आठवडाभरात दोन-तीन याप्रमाणे अभिप्राय लिहायला सांगा, एका दिवसात वीस नकोत.

व्हॉट्सअ‍ॅपवर विकत घेतलेल्या नंबरांच्या यादीला निरोप पाठवले तर नंबर बंद पडतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी 256 नंबर बसतात आणि निरोप फक्त ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच पोहोचतो. म्हणून प्रत्येक चौकशीला आलेल्या पालकाला तिथल्या तिथे नंबर जतन करायला लावा. रिक्षावर भोंगा लावून फिरायचा विचार असेल तर त्याला पोलिसांची परवानगी लागते, आणि रिक्षाच्या पाठीवरच्या जाहिरातीला आरटीओची. दोन्ही तुमच्या कामाच्या नाहीत.

पंधरा हजारांतले ढोबळमानानं निम्मे पत्रकं आणि वाटपाला, तिसरा हिस्सा गाळ्याच्या चांगल्या फलकाला (एकदा केला की चार-पाच वर्षं पुरतो) आणि उरलेले पालकांसाठी एका मोफत चाचणीच्या दिवसाला ठेवा: प्रश्नपत्रिका, खुर्च्या, चहा. मुलाची चाचणी घेऊन पालकाला पाच मिनिटं नीट समजावून सांगितलं की जेवढे प्रवेश होतात, तेवढे चाळीस खांब मिळून होत नाहीत.

यापुढे कुठल्याही मुद्रकाला काम देताना बिलावर ‘फक्त छपाई, लावणे नाही’ असं लिहून घ्या. फ्लेक्स लागलाच तर 100 मायक्रॉनपेक्षा जाड आहे याची खात्री करा. त्याहून पातळ प्लास्टिक आणि पीव्हीसी बॅनरवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. काढून आणलेले बोर्ड जाळू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो, डोळे आणि घसा जळतो. चौकटीच्या पट्ट्या वेगळ्या काढा, खिळे भंगारात द्या, फ्लेक्स छपरावर किंवा स्कूटरवर अंथरायला कुणी मागत असेल तर नंबर रंगवून झाकून द्या, नाहीतर सुक्या कचऱ्यात.

पत्रकांची तारीख मे महिन्यात धरू नका. परीक्षा संपली की निम्मी सोसायटी गावाला जाते आणि पेपर बंद असतो. पहिलं वाटप एप्रिलच्या सुरुवातीला आणि दुसरं शाळा उघडायच्या आठवड्यात, जूनच्या मध्याला करा.